कामाल्दोलीचे अरण्य

अरण्यावाचून तपश्चर्या नाही, ही आपली समजूत फार जुनी आहे. वेदवाङ्मयाच्या एका भागास आरण्यके हे नाव वनावरूनच मिळाले. चार आश्रमांपैकी तिसरा जो वानप्रस्थ, तोही माणसास वनाकडेच नेणारा. ही आवड केवळ आपल्याच भूमीची, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटत असते. आणि युरोप म्हटले की गिरण्यांची धुराडी, आगगाड्या व गजबजलेली शहरे एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्याच युरोपात, शहरे लहान आणि वने अफाट होती अशा काळी, शेकडो ख्रिस्ती साधू ईश्वराच्या शोधार्थ अरण्यात शिरले, तेथेच राहिले आणि तेथेच देह ठेवते झाले. त्यांच्या काही मठांभोवतीची वने आजही उभी आहेत.

अशाच एका वनाची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे. इटलीच्या तस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स नगराच्या पूर्वेस, अपेनाइन पर्वताच्या कुशीत कासेन्तीनो नावाचे खोरे आहे. आर्नो नदी याच खोऱ्याच्या माथ्यावरील डोंगरात उगम पावते. खोऱ्याच्या कडेला दाट वनात कामाल्दोलीचा मठ आहे व त्याच्याही वर, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, एकांतवासी साधूंच्या कुटींचा समूह आहे. अकराव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंत, मधल्या काही खंडांचा अपवाद सोडता, तेथे साधूंची वस्ती आहे. आणि त्यांच्याभोवतीचे वन हजार वर्षे कुऱ्हाड चालूनही नाहीसे झालेले नाही.

ही गोष्ट साधी नव्हे. भूमध्यसमुद्राच्या भोवतालचे किती डोंगर या अवधीत उघडेबोडके झाले! मग हेच वन का टिकले? देवावरील श्रद्धेने टिकले, की कडक नियमांनी टिकले? प्रश्न दूरदेशीचा दिसतो खरा; परंतु त्याच्या उत्तराशी आपलाही संबंध आहे. तो कसा, हे ओघाने येईलच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती साधूंना वन हे मुळात पूज्य नव्हते. या धर्मातील पहिले एकांतवासी तिसऱ्या-चौथ्या शतकांत ईजिप्तच्या वाळवंटात राहिले. संत अँथनी हा त्यांतील सर्वांत प्रख्यात. वाळवंट म्हणजे जेथे घर नाही, शेत नाही, राजाचा अंमल नाही. जेथे मनुष्य, त्याचे विकार आणि त्याचा देव एवढेच उरतात, अशी जागा. तशा जागेस लॅटिन भाषेत ‘एरेमुस’ म्हणत. पुढे हा धर्म उत्तरेकडे पसरला, तेव्हा साधूंपुढे अडचण उभी राहिली. फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड या देशांत वाळवंट कोठून आणावयाचे? तेथे निर्मनुष्य अशी जागा एकच होती, ती म्हणजे अरण्य. म्हणून त्यांनी अरण्यालाच ‘एरेमुस’ म्हणण्यास आरंभ केला. युरोपातील वनास जे धार्मिक मोल आले, ते असे वाळवंटाकडून उसने आलेले आहे. वन पवित्र म्हणून साधू तेथे गेले नाहीत. ते निर्जन म्हणून गेले, आणि ते राहिल्यामुळे ते पवित्र मानले जाऊ लागले.

उलटपक्षी, पूर्वीपासून जी वने पवित्र मानली जात होती, त्यांवर या धर्माच्या प्रचारकांनी प्रथम कुऱ्हाडच चालविली. पश्चिम युरोपातील मठसंस्थेचा जनक जो संत बेनेडिक्ट, तो इ. स. ५२९ च्या सुमारास मोन्ते कासीनो या टेकडीवर आला. तेथे अपोलो देवाचे जुने देऊळ होते व सभोवार त्या देवाच्या नावाने राखलेली झाडी होती. आसपासचे शेतकरी तेथे पूजा करीत. बेनेडिक्टने मूर्ती फोडली आणि झाडी तोडली, असे त्याचा चरित्रकार पोप ग्रेगरी सांगतो. पुढे दोनशे वर्षांनी, इ. स. ७२३ च्या सुमारास, बोनिफेस नावाच्या इंग्रज धर्मप्रचारकाने जर्मनीतील गाइस्मार येथे मेघगर्जनेच्या देवतेला वाहिलेला एक प्रचंड ओक वृक्ष सर्वांसमक्ष पाडला व त्याच लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले. देवराईत डहाळी मोडण्यासही कचरणाऱ्या आपल्या मनास ही हकीकत रुचत नाही. पण ती झाकून ठेवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चमत्कार असा की, याच बोनिफेसच्या शिष्याला वनाने वेगळाच धडा दिला. स्टुर्म हे त्याचे नाव. मठासाठी योग्य जागा शोधण्याकरिता तो एकटाच एका गाढवावर बसून जर्मनीतील बुखोनिया या बीच वृक्षांच्या महारण्यात हिंडला. रात्र पडली की तो हातातील हत्याराने झाडे तोडून गाढवाभोवती वर्तुळाकार कुंपण करी, म्हणजे श्वापदांनी त्यास खाऊ नये. आणि स्वतः मात्र कपाळावर क्रूसाची खूण करून तसाच उघड्यावर झोपी जाई. या हिंडण्यातून त्याला जी जागा सापडली, तेथे इ. स. ७४४ मध्ये फुल्डाचा प्रसिद्ध मठ उभा राहिला. ही हकीकत त्याचा शिष्य आइगिल याने लिहून ठेविली आहे. गुरूला वृक्ष हा शत्रूचा ध्वज वाटला. शिष्याला वन हे परीक्षेचे स्थान वाटले. एका पिढीत दृष्टी केवढी पालटली!

त्याच्याही पूर्वी, सहाव्या शतकाच्या अखेरीस, आयर्लंडहून आलेला कोलुम्बानुस हा साधू फ्रान्समधील व्होज पर्वताच्या जंगलात राहिला होता. एका अस्वलाने त्याच्यासाठी आपली गुहा सोडून दिली, झाडांवरच्या खारी उतरून येऊन त्याच्या झग्यात शिरत, अशा गोष्टी त्याच्या चरित्रात आहेत. त्या अक्षरशः खऱ्या मानण्याचे कारण नाही. पण अशा कथा रचणाऱ्यांच्या मनात कोणता विचार होता, तो ध्यानात घ्यावा. आदिमानव पापात पडण्यापूर्वी सर्व प्राणी त्याचे मित्र होते. ज्याने आपले मन जिंकले, त्याच्याशी ते पुन्हा मैत्री करतात, असा तो विचार आहे. कण्वाच्या आश्रमातील निर्भय हरिणे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांना तो समजावून सांगावयास नको.

बाराव्या शतकात क्लेर्व्हो मठाचा अधिपती संत बर्नार्ड याने तर, आपले खरे शिक्षक ओक आणि बीच हे वृक्षच होत, असे बोलून दाखविल्याचे त्याचा मित्र नमूद करतो. बर्नार्ड ज्या सिस्टर्शियन संप्रदायाचा होता, त्याची स्थापना १०९८ मध्ये सितो येथील रानात झाली. वस्तीपासून दूर राहावे, स्वतःच्या श्रमावर जगावे, हा या संप्रदायाचा बाणा होता. तथापि बोलणे आणि करणे यांत येथे अंतर पडले. या साधूंनी व त्यांच्या सेवक-बंधूंनी रान तोडून उत्तम शेते केली, मेंढरांचे मोठे कळप पाळले, लोखंडाच्या भट्ट्याही चालविल्या. मठ श्रीमंत झाले. इतकेच नव्हे, तर निर्जन जागा न मिळाल्यास हे लोक वसलेली गावे उठवून ती निर्जन करतात, असा आरोप त्याच शतकात वॉल्टर मॅप या इंग्रज लेखकाने त्यांच्यावर केला. त्याची लेखणी विषारी होती हे खरे. पण आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. एकांताची आवड दुसऱ्याच्या घरावर नांगर फिरवू लागली, तर तिला तपश्चर्या म्हणावे काय?

कामाल्दोलीचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर नीट दिसते. या मठाचा संस्थापक रोमुआल्ड हा राव्हेन्ना शहरातील एका सरदाराचा मुलगा. जमीनजुमल्याच्या तंट्यात त्याच्या बापाने एका नातलगास द्वंद्वयुद्धात ठार केले. रोमुआल्ड त्या प्रसंगी हजर होता. हात बापाचा, पण पाप आपल्यालाही लागले, असे त्या तरुणास वाटले व त्याने चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तासाठी मठाचा आश्रय घेतला. तो पुन्हा घरी परतला नाही. पुढचे सारे आयुष्य त्याने इटलीतील व बाहेरील रानावनांत एकांतवासाची ठाणी वसविण्यात घालविले. त्यांपैकीच एक कामाल्दोली. परंपरा त्याची स्थापना १०१२ ची मानते. आरेत्सोचा बिशप तेओदाल्दो याचे जागेसंबंधीचे दानपत्र १०२७ चे आहे, आणि त्याच वर्षी रोमुआल्ड निवर्तला. आरंभी तेथे पाच कुटी व एक लहानसे प्रार्थनामंदिर एवढेच होते.

रोमुआल्डची योजना मोठी विचारपूर्वक केलेली होती. वर वनात एकांतवासी. प्रत्येकास स्वतंत्र कुटी, कुटीत झोपण्याची व वाचनाची जागा, एक लहानसे देवघर, आणि बाहेर भिंतीने वेढलेली छोटीशी बाग. खाली सुमारे तीन किलोमीटरांवर, फोन्तेबुओनो येथे, मठ व वाटसरूंसाठी धर्मशाळा. तेथेच पुढे रुग्णालय व औषधशाळाही झाली. खालच्यांनी जगाची ये-जा सांभाळावी, म्हणजे वरच्यांच्या शांततेचा भंग होणार नाही. खोऱ्यातील गोरगरीब औषधपाण्यासाठी खालच्या मठाची पायरी चढत. अशा रीतीने एकांत आणि लोकसेवा यांची सांगड घातली गेली.

आणि या दोहोंच्या मध्ये व सभोवार होते वन. फर आणि बीच हे त्यातील मुख्य वृक्ष. फर हा आपल्या हिमालयातील देवदाराच्या कुळातला, सदाहरित, सरळसोट वाढणारा वृक्ष होय. या वनाकडे साधू कोणत्या दृष्टीने पाहत, हे त्यांच्या एका जुन्या नियमग्रंथावरून कळते. यशया या प्रेषिताच्या ग्रंथात, ईश्वर ओसाड भूमीत सात प्रकारचे वृक्ष लावील असे आश्वासन आहे. त्या सात वृक्षांत कामाल्दोलीकरांनी साधूचे सात गुण पाहिले. सीडर म्हणजे मनाचा सरळपणा व थोरवी. काटेरी झाड म्हणजे स्वतःस टोचणारा पश्चात्ताप. मर्टल म्हणजे संयम. ऑलिव्ह म्हणजे दया व शांती. फर म्हणजे उंच जाणारे चिंतन. एल्म म्हणजे दुसऱ्यास आधार देणारी सहनशीलता. आणि बुटके, चिवट बॉक्स म्हणजे नम्रता व चिकाटी. एल्मची उपमा विशेष हृद्य आहे. इटलीतील शेतकरी द्राक्षाचे वेल या झाडावर चढवीत. त्याला स्वतःला गोड फळ नाही, पण वेलाचा भार तो निमूटपणे वाहतो.

येथे वृक्षाची पूजा नाही, हे ध्यानात ठेवावे. वृक्ष हा धडा आहे. साधूने त्याच्यासारखे व्हावयाचे आहे. परंतु ज्याच्यासारखे व्हावयाचे, त्याला माणूस सहसा निष्काळजीपणे तोडीत नाही. उपमेतून आदर उपजला, आणि आदरातून नियम आला.

तो नियम छापील स्वरूपात आपल्यापुढे आहे. १५२० मध्ये पाओलो ज्युस्तिनियानी या व्हेनिसच्या कुलीन घराण्यातून आलेल्या साधूने एकांतवासाचे नियम एकत्र करून ते कामाल्दोलीच्या मठातच छापविले. त्यात वनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा : ज्यांना खरोखर एकांताची चाड असेल, त्यांनी कुटींभोवतीचे वन कमी होऊ देऊ नये, उलट ते वाढवावे. फर वृक्ष कोणी आपल्या मर्जीने तोडू नये, मठाधिपतीनेही नव्हे, त्यासाठी साधूंच्या सभेची अनुमती घ्यावी. दरवर्षी मोठ्या संख्येने नवी रोपे योग्य जागी लावावी. वनाच्या देखरेखीसाठी एक साधू नेमलेला असावा. या नियमांची बुद्धिमत्ता कशात आहे, ते पाहा. तोडू नका, असे त्यात म्हटलेले नाही. कोणी तोडावे, कोणास विचारून तोडावे, आणि तोडल्यावर काय करावे, हे सांगितले आहे.

कारण लाकूड तोडणे मठास भागच होते. साडेतीन हजार फुटांवरील हिवाळा. चुलीस व शेकोटीस सरपण हवे, छपरास वासे हवेत, रुग्णालय चालविण्यास पैसा हवा. कासेन्तीनोतील फरचे लांब, सरळ सोट इमारतींच्या तुळयांसाठी व गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी फार नावाजलेले होते. ते बैलांनी ओढून आर्नो नदीच्या काठी आणीत. तेथे त्यांचे तराफे बांधून पाणी चढले की ते फ्लॉरेन्सकडे व पुढे पिसाकडे सोडीत. शेजारच्या मोज्योना गावचे कारागीर याच वनातील लाकडापासून बादल्या व पिंपे करून पोट भरीत. तात्पर्य, हे वन म्हणजे कोणी हात न लावलेले देवाचे रान नव्हते. ते राबते वन होते. त्याचे पावित्र्य कुऱ्हाड दूर ठेवण्यात नव्हते. कुऱ्हाड कोणाच्या हाती आणि कोणत्या मनाने उचलली जाते, यात होते.

याच डोंगररांगांत, पश्चिमेस, वालोम्ब्रोझा नावाचा दुसरा मठ आहे. त्याचा संस्थापक जोव्हान्नी ग्वाल्बेर्तो हा फ्लॉरेन्सचा एक तरुण सरदार. त्याच्या आप्ताचा खून झाला होता व सूड घेणे हे त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याचे कर्तव्य होते. ख्रिस्ताच्या बलिदानाच्या शुक्रवारी एका अरुंद वाटेवर खुनी त्याच्या समोर आला. सुटकेस जागा नव्हती. त्या मनुष्याने दोन्ही हात क्रूसाप्रमाणे पसरले, आणि ग्वाल्बेर्तोने उपसलेली तलवार म्यान केली. पुढे तो काही काळ कामाल्दोलीस राहिला व १०३६ च्या सुमारास वालोम्ब्रोझाच्या वनात स्थायिक झाला. तेथे एका बीच वृक्षाने त्याला आश्रय दिला, आणि म्हणून त्या जागेच्या वृक्षास दरवर्षी इतरांच्या आधी पालवी फुटते, अशी लोककथा आहे. त्याच्या शिष्यांनीही शतकानुशतके फरची लागवड केली. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने या ग्वाल्बेर्तोस इटलीतील वनरक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

रोमुआल्ड आणि ग्वाल्बेर्तो, दोघांच्याही कथांचा आरंभ भाऊबंदकीच्या रक्ताने होतो, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. शहरात प्रत्येक वीतभर जमिनीस मालक होता, आणि प्रत्येक मालकास वैरी होता. वनात ते दोघेही नव्हते. मालकी व सूड यांच्या बाहेरची भूमी, हा या साधूंच्या लेखी अरण्याचा सर्वांत खोल अर्थ होता. असा अर्थ ज्यांनी वनात पाहिला, त्यांना ते नफ्यासाठी उधळून टाकणे जड गेले असल्यास नवल नाही.

श्रद्धा एकटीच पुरेशी असते काय, याचाही पुरावा त्याच खोऱ्यात सापडतो. कामाल्दोलीच्या शेजारची विस्तीर्ण वने १३८० मध्ये फ्लॉरेन्सच्या महामंदिराच्या बांधकाम-मंडळाकडे आली. मंडळाचा हेतू धार्मिकच होता. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात त्या मंदिरावर जो जगद्विख्यात घुमट चढविला, त्याच्या कामी या वनांतील लाकूड लागले. परंतु हे मालक दूर फ्लॉरेन्सला राहत. त्यांना वन म्हणजे लाकडाची वखार. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तस्कनीत वृक्षतोडीवरचे जुने निर्बंध शिथिल झाले, आणि ही वने इतकी खालावली की १८३० नंतरच्या दशकात ग्रँड ड्यूक दुसरा लेओपोल्ड यास बोहेमियाहून कार्ल सीमोन नावाचा वनशास्त्रज्ञ बोलावून ती नव्याने उभी करावी लागली. देवाच्या नावाने राखलेले एक वन टिकले, देवाच्याच नावाने घेतलेले दुसरे खंगले. फरक कोठे होता? पहिल्याचे मालक वनात राहत होते व त्यांनी स्वतःच स्वतःला नियमाने बांधून घेतले होते.

मात्र मठांचीही घडी कायम राहणार नव्हती. १८१० मध्ये नेपोलियनच्या अमलाखाली मठ बंद करण्यात आले. काही वर्षांनी ते पुन्हा उघडले, तोच १८६६ मध्ये नव्या इटालियन राज्याने धर्मसंस्थांची मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा केला. मठांच्या पुष्कळ जमिनी लिलावात गेल्या. परंतु कामाल्दोली आणि वालोम्ब्रोझा येथील वने सरकारने विकली नाहीत, स्वतःकडे राखली. ज्यांना साधूंची श्रद्धा मान्य नव्हती, त्यांनाही साधूंचे वन मौल्यवान वाटले. १८६९ मध्ये वालोम्ब्रोझाच्या मठाच्याच इमारतीत इटलीचे पहिले वनविद्यालय सुरू झाले. जेथे स्तोत्रे म्हटली जात होती, तेथे वृक्षांची मोजमापे शिकविली जाऊ लागली.

येथेच आपल्या देशाशी धागा जुळतो. जॉर्ज पर्किन्स मार्श नावाचा अमेरिकेचा राजदूत त्या काळी इटलीत होता. वने तुटल्याने भूमध्यसमुद्राकाठचे प्रदेश कसे भकास झाले, हे दाखविणारा त्याचा ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्रास इलाख्यातील वनखात्याचा पहिला प्रमुख ह्यू क्लेगहॉर्न याने तो ग्रंथ बरोबर घेऊन हिमालयाची वनस्थळी पालथी घातली व तसे मार्शला पत्राने कळविले. हिंदुस्थानात सर्व देशासाठी वनखाते निघाले, तेही १८६४ मध्येच. मार्श १८८२ च्या उन्हाळ्यात वालोम्ब्रोझालाच वारला. वनविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्याचे शव खांद्यावरून डोंगराखाली नेले.

परंतु इंग्रज सरकारने येथे वनरक्षणाचे जे कायदे केले, त्यांत कामाल्दोलीतील अर्धाच भाग आला. नियम आला; पण तो वनात राहणाऱ्यांनी आपल्यासाठी केलेला नव्हता, वरून लादलेला होता. १८७८ चा वनकायदा होत असताना पुणे सार्वजनिक सभेने सरकारास बजावले होते की, गावकऱ्यांस विश्वासात घेऊन, त्यांनी राखलेल्या वनाबद्दल त्यांचा गौरव करूनच वने अधिक चांगली राखता येतील. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ या १८८३ मधील ग्रंथात वनखात्याने गरिबांची चराईची राने कशी हिरावली, याची तक्रार तीव्र शब्दांत मांडली. या दोन्ही आवाजांकडे त्या वेळी दुर्लक्ष झाले. ज्या डोंगरावर गावाचा देव होता, सरपण होते, गुरांचा चारा होता, तो एका रात्रीत परक्याचा झाला. आणि परक्याचे राखण्यात कोणाचे मन रमते?

आपल्या सह्याद्रीतील देवराया याच्या उलट साक्ष देतात. तेथे नियम साधा आणि कडक असतो : देवाच्या रानातून वाळकी काटकीही नेऊ नये. तो सरकारने लिहिलेला नाही, गावानेच पाळलेला आहे. कामाल्दोलीचा नियम तोडून लावण्याचा, देवराईचा मुळीच न तोडण्याचा. पण दोहोंतही नियम पाळणारा आणि वनाजवळ राहणारा एकच आहे. गावाने देवाकडे पाठ फिरविली, किंवा देवाच्या नव्या सिमेंटच्या देवळासाठी झाडे विकली, की देवराईही राहत नाही, हेही आपण पाहिलेच आहे.

आता कामाल्दोलीकरांची एक चूकही सांगितली पाहिजे. फर किमतीचा, म्हणून तोच लावावा, असे होता होता पुष्कळ ठिकाणी मिश्र वनाच्या जागी एकाच जातीची लागवड झाली. अशी वने दिसावयास भव्य, पण नाजूक असतात. ५ मार्च २०१५ च्या भयंकर वादळात वालोम्ब्रोझाची असंख्य झाडे आडवी झाली. याउलट, साधूंची अथवा व्यापाऱ्यांची कुऱ्हाड अवघड कड्यांमुळे जेथे पोहोचली नाही, त्या जवळच्याच सास्सो फ्रातीनोच्या उतारावर पाचशे वर्षांहून जुने बीच वृक्ष उभे आहेत. त्या भागात १९५९ मध्ये इटलीतील पहिले संपूर्ण संरक्षित वन घोषित झाले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. १९९३ मध्ये हा सारा प्रदेश मिळून राष्ट्रीय उद्यान झाले आहे. आपण लाविलेले वन आणि आपण सोडून दिलेले वन, दोन्हींची गरज आहे, हा धडा साधूंच्या नियमात नव्हता. तो काळाने शिकविला.

साधू आजही कामाल्दोलीस आहेत. वन त्यांच्या मालकीचे नाही, पण वीस कुटी अजून फरच्या सावलीत आहेत, आणि त्या नियमाची आठवण तेथे जपली जाते. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या हजार वर्षांच्या हकीकतीतून मला तरी असे दिसते : श्रद्धेने वनास अर्थ दिला, नियमाने त्यास आयुष्य दिले, आणि नियम टिकला तो करणारे व पाळणारे एकच होते म्हणून. श्रद्धा असूनही नियम नसेल, तर फ्लॉरेन्सच्या मंडळाच्या वनासारखी गत होते. नियम असूनही आपलेपणा नसेल, तर आपल्याकडील चराईच्या रानांसारखी.

आपण बहुतेक शहरवासी. आपल्या वाट्याला अरण्य येते ते सुट्टीच्या दिवसांपुरते. पण गावाकडे ज्यांची घरे आहेत, कुलदैवताच्या दर्शनास जे वर्षातून एकदा तरी जातात, त्यांनी देवळाभोवतीच्या झाडीकडे एकवार डोळसपणे पाहावे. ती पूर्वीइतकी आहे काय, कमी झाली असल्यास कोणी केली, आणि तोडलेल्या झाडाच्या जागी कोणी रोप लावले काय, हे गावातील वडीलधाऱ्यांस विचारावे. घरातील मुलांनाही बरोबर न्यावे. नैवेद्य आपण देवापुढे ठेवतोच. त्याबरोबर एक रोप लावून पुढील वर्षी ते जगले की नाही हे पाहावयास जाण्याचा नेम केला, तर रोमुआल्डच्या त्या दूरच्या शिष्यांशी आपलेही नाते जडेल.